दमयंतीबाईंची हत्तीण

दमयंतीबाईंनी पनवेलच्या वाचनालयात एकवीस वर्षं एकच गोष्ट सांगितली. शनिवारी चार वाजता, बालविभागात, आठवड्याला एक तुकडा. हत्तींच्या कळपात वाढलेल्या मुलीची ती जुनी, परदेशी जंगलकथा. वाचनालयातल्या मराठी प्रतीचं मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलं होतं. जूनमध्ये गोष्ट सुरू व्हायची, मार्चमध्ये संपायची, आणि पुढच्या जूनमध्ये नवी मुलं समोर बसायची.

बाई मूळच्या खाडीकाठच्या मोरा गावच्या, कोळ्यांच्या. लग्न होऊन पनवेलला आल्या आणि बोलणं शहरी झालं. गोष्टीतली म्हातारी हत्तीण तेवढी मोऱ्याचीच राहिली. "थांबा रं पोरांनो, पानी अजून चरतंय, भरती हाय. आमी आता नाय जानार." मुलं हसायची. मग ओहोटी लागायची, आणि हत्तीण सोंडेनं नदीतला चिखल चाचपत कळपाच्या पुढे निघायची. पिल्लू रुतायचं. ती त्याला ढकलून बाहेर काढायची आणि स्वतः रुतायची. मग भरती यायची. त्या एका शनिवारी कॉलेजात गेलेली जुनी मुलंही येऊन दाराशी उभी राहत. हत्तीण मेली की सगळी चपला घालून घरी जात.

दोन हजार अकराच्या हिवाळ्यात त्या गोष्टीवर कार्टूनपट आला. बाईंनी स्वतः पालकांना फोन केले, चौतीस मुलं गोळा केली आणि खारघरच्या थिएटरात नेली. ठेवणीतली साडी नेसल्या. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेला तो चिखल आज पडद्यावर दिसणार होता.

चिखल नव्हताच. झाडं प्लास्टिकची वाटत होती. प्राण्यांना दर दोन मिनिटांनी विनोद सुचत होते. म्हाताऱ्या हत्तिणीला गॉगल होता. नदी कळपानं एका गाण्यात ओलांडली, आणि पलीकडच्या काठावर हत्तीण सगळ्यांत जास्त नाचली. बाई तोंडात मारल्यासारख्या बसून राहिल्या. मुलं मात्र खूश होती. बसमध्ये नऊ वर्षांच्या समृद्धीनं त्यांना विचारलं.

"बाई, पिक्चरमध्ये आजी मरत नाही. मग तुम्ही का मारलीत?"



वाचनालयाच्या कमिटीचा चिटणीस सत्यजीत सोबत आला होता. तरुण इंजिनिअर, माणूस सज्जन. मुलं किती हसतात ते त्यानं पाहिलं होतं. सोमवारी त्यानं अदबीनं सुचवलं, की प्रोजेक्टर आहेच, तर शनिवारी चारला खाली हॉलमध्ये असे सिनेमे दाखवू. बाईंची गोष्ट वरच्या खोलीत होईल. पण निदान दहा मुलं यायला हवीत. नाही आली, तर बंदच करू या. या शनिवारी तो स्वतः मोजणार होता.

समृद्धीचा प्रश्न डोक्यात घेऊन बाईंनी वाचनालयातलं पुस्तक घरी आणलं आणि उघडलं. कित्येक वर्षांत त्यांनी त्यात पाहिलंच नव्हतं. गोष्ट तोंडपाठ होती. नदी ओलांडण्याच्या जागी दोनच वाक्यं होती. 'पहाटे कळपाने नदी ओलांडली. म्हातारी हत्तीण त्यानंतर कोणाला दिसली नाही.' चिखल नाही, ओहोटी नाही, पिल्लू नाही. मरणही नाही.

ते सगळं मोऱ्याचं होतं. सात वर्षांची दमी सोनाबाई आत्याबरोबर खाडीच्या चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गेली होती. भरतीचं पाणी परत यायला लागलं तेव्हा ती गुडघाभर रुतलेली होती. आत्यानं तिला उपसून काढलं, स्वतः कमरेपर्यंत गेली आणि ओरडली, "पल, मागं बघू नको." दमी पळाली. मागं बघितलं नाही. आत्या अर्ध्या तासानं नखशिखांत चिखलानं माखून घरी आली आणि पुढे तीस वर्षं जगली. पण त्या अर्ध्या तासात दमीनं मनात तिला मारून टाकलं होतं. गोष्टीत तेच उतरलं होतं.

शनिवारी वरच्या खोलीत समृद्धी आली. तिच्यामागून आणखी काही आली. खालून गाण्याचा आवाज येत होता. बाईंनी पुस्तकातली दोन वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवली. म्हणाल्या, मेली असं लेखकानं लिहिलेलं नाही, ते मी सांगत आले. चूक माझी.  एवढं मोठं माणूस चूक कबूल करतं, हे मुलांना नवीन होतं. समृद्धीनं विचारलं, मग ती बाहेर कशी आली असेल?

"आडवी होऊन," बाई म्हणाल्या. "चिखलात उभं राहायचं नसतं. अंग पसरायचं आणि सरपटायचं." त्यांनी पदर खोचला, चष्मा खिडकीत ठेवला आणि चोपन्नाव्या वर्षी फरशीवर पालथ्या झाल्या. हात पसरून, कोपरांवर, एकेक वीत पुढे. आधी समृद्धी आडवी झाली. मग सगळी. वर काय चाललंय ते बघायला खालून आलेली चार मुलं दारातूनच सरपटू लागली.

सत्यजीत वर आला तेव्हा फरशीवर नुसती डोकी आणि पाय होते, आणि एकही जागेवर राहत नव्हतं. त्यानं दोनदा मोजायला घेतलं, दोनदा चुकला. मग म्हणाला, जरा उभे राहा, मोजायचंय.

बाईंनी मान वर केली.

"उभं राहिलं की रुततं, साहेब. असंच मोजा."