जावईबापूंचा हळू हात

आमच्या जावईबापूंइतका हळू माणूस साऱ्या जबलपुरात मिळणार नाही, आणि जबलपूर हे काही धावत्या लोकांचं गाव नाही. जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. डोक्यावर एक काळा केस उरला नाही, तरी माझ्या घरी त्यांना अजून जावईबापूच म्हणतात. चहा दिला की कप तोंडाशी नेताना ते वेळ लावतात ते एक वेळ सोसता येतं. पण तोच कप परत बशीत ठेवताना जो सोहळा होतो तो बघवत नाही. झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसा तो कप खाली येत असतो. मी उठून आत जाते, गॅस बंद करते, दूध झाकते, परत येते, तरी कप आपला वाटेतच. दार असं लावतात की लागलं की नाही ते आपण जाऊन पाहावं. अंगावर डास बसला तर मारत नाहीत, बोट लावून त्याला उठवतात. तो डास मग माझ्याकडे येतो.

हे सारं खमरियाच्या कारखान्यानं दिलेलं. त्यांची अख्खी नोकरी तिथे तोफगोळ्यांत बारूद भरण्याच्या कामात गेली. तिथे धक्का नको, आपट नको, घाई नको. हे काम शिकले कसे, ते त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की मीही आता ते करू शकेन. "ताईजी, पहिले नुसतं रिकामं खोकं उचलायचं न् ठेवायचं. उस्ताद पाठ करून उभे राहत. आवाज आला की, चलो, फिरसे. डोकं भीत होतं तोवर हात कापत होता. मग हात शिकून गेला, न् डोक्याला सुट्टी भेटली." मी म्हटलं, "तेव्हापासून ते सुट्टीवरच आहे." त्यावर ते हसले. हसतातही आवाज न करता.

पुढे नोकरी संपली आणि दोघं क्वार्टर सोडून इकडे कांचघरला, माझ्या घराच्या मागच्या गल्लीत राहायला आली. माणूस रिटायर झाला, हात काही झाला नाही. वास्तुपूजेला गुरुजींनी नारळ फोडायला सांगितला, तर यांनी तो दगडावर टेकवला, दाबला, पुन्हा उचलून टेकवला. नारळाला वाटलं असेल आपल्याला बसायला जागा शोधून राहिले. शेवटी गुरुजींनी हिसकावून घेतला आणि एका दणक्यात फोडला. माझ्या मुलीच्या लग्नात तर अक्षता टाकायच्याऐवजी हे थेट बोहल्यापाशी गेले आणि नवरदेवाच्या डोक्यावर तांदूळ ठेवायला लागले. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, फोटोवाला ओरडून राहिला, आणि हे ठेवूनच राहिले. माझ्या नव्या जावयानं मला नंतर विचारलं की काका काही शोधत होते का.

बड्या फुहाऱ्याला त्यांच्यासोबत बाजाराला जाणं मी सोडून दिलं ते एका फुलकोबीपायी. भाजीवाल्यानं तोलून गड्डा थैलीत फेकला. यांनी तो मधल्या मधे दोन्ही हातांनी झेलला आणि छातीशी धरून उभे राहिले. मागे गर्दी तुंबली.

"भैया, ऐसे नहीं फेंकते."

"बाबूजी, गोभी है. बम थोड़ी है."

"हाथ को क्या मालूम, भैया?"

भाजीवाला हसला, मागचे लोक हसले, मी लाजेनं दुसऱ्या दुकानाकडे बघत बसले. पण घरी येताना रिक्षात ते वाक्य डोक्यातून जाईना. हाताला खरंच काय ठाऊक असतं? मला कोणी पोळी लाटणं शिकवलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आईनं पोळपाट पुढे ठेवला, वेडीवाकडी पोळी झाली की लाटणं बोटांवर बसायचं, आणि एक दिवस पोळी गोल झाली. ती कशी झाली हे मला आजही सांगता येणार नाही. हे मात्र सांगतात, त्याचाच राग येतो.

त्यांच्या हाताचा एक उपयोग झाला हे मला मान्य आहे. माझ्या बहिणीची दोन्ही पोरं, आणि खरं म्हणजे माझीही, रडायला लागली की त्यांच्याच हातात झोपत. ती पोरं आता पुण्याला आणि हैदराबादला आहेत. घरात ही दोघंच.

मागच्या थंडीत दोघं माझ्याकडे बसली होती. मी शिंगाडे उकडले होते. बहीण गेल्या वर्षीच्या मोठ्या आजारातून उठली होती, पण तिचा घसा तेव्हापासून ढिला पडला होता. खाताना ठसका लागायचा. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर बोलणं चाललं होतं ते एकदम थांबलं. जाऊन बघते तर शिंगाड्याचा तुकडा तिच्या गळ्यात अडकलेला, श्वास नाही, आवाज नाही, ओठ काळे पडायला लागलेले, आणि आमचे जावईबापू तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. फिरवत होते. मी त्यांना ढकललं, तिला पुढे वाकवलं आणि पाठीत असे रट्टे घातले की तुकडा भिंतीवर जाऊन आदळला. ती श्वास घ्यायला लागली. जावईबापूंनी तो तुकडा भिंतीजवळून उचलला आणि बशीत ठेवला. हळूच. त्या वेळी मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर म्हणाले की हे पुन्हा होऊ शकतं. घरात दोघंच असता ना, मग काका, हे तुम्हालाच यायला पाहिजे. त्यांनी करून दाखवलं: माणसाला पुढे वाकवायचं, दोन खांद्यांच्या मधे, तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं, जोरात. काकांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दार वाजलं नाही, पण उघडलं तर बाहेर हे उभे.

"ताईजी, मला मारणं शिकवा."

"ही काय शिकवायची गोष्ट आहे? शेंबडं पोरगंही मारते."

"मला येऊन नाही राहिलं."

मी गादीची वळकटी करून खाटेवर ठेवली. म्हटलं, हाणा. त्यांनी हात उचलला, चांगला खांद्याच्या वर नेला, जोरात खाली आणला आणि गादीला थोपटलं. मी म्हटलं, "जावईबापू, तिला वाचवायचं आहे, झोपवायचं नाही." पुन्हा तेच. मी म्हटलं कोणाचा तरी राग आणा. बराच विचार करून म्हणाले, कोणी आठवत नाही. मी म्हटलं माझा आणा. त्यावर हात अजूनच हळू पडला. ओली गोधडी आणि कपडे धुवायची थापी दिली, तर थापी गोधडीवर अशी ठेवली की गोधडीला कळलं नाही. मला आधी वाटलं नाटक करून राहिले. मग मी जवळ बसून पाहिलं. हात जोरात यायचा, खोटं नाही. पण गादीच्या चार बोटं वर आला की आपोआप थांबायचा. "मी थांबवून नाही राहिलो, ताईजी," ते म्हणाले, "तो थांबून जाते." त्यांच्या कपाळावर घाम होता. मला पहिल्यांदा त्या हाताची भीती वाटली.

ते रोज सकाळी यायला लागले. मी शिव्या द्यायची, ते थोपटायचे. एक दिवस मी वैतागून माझ्या मिरच्या कांडायला बसले, आणि मुसळ मारता मारता माझ्या लक्षात आलं की मी मिरचीला मारतच नाही, मी उखळाच्या बुडाला मारते. मिरची आपली मधे सापडते. म्हटलं, "अहो, गादीला मारूच नका. गादीखाली खाट आहे, तिला मारा." ते थोडा वेळ खाटेकडे बघत राहिले. मग असा आवाज झाला की शेजारीण भिंतीवरून डोकावली, "क्या हुआ दीदी?" मी म्हटलं, "कुछ नहीं. हमारे जमाई बाबू बड़े हो गए."

तरी मी त्यांना सोडलं नाही. गादी वेगळी, बायको वेगळी. स्वतःची पाठ पुढे केली. नाही नाही म्हणत शेवटी त्यांनी एक घातला, आणि दोन दिवस मला उताणं झोपता आलं नाही. ते दोन्ही दिवस ते तेलाची वाटी घेऊन विचारायला येत होते. मी वाटी ठेवून घेतली आणि त्यांना हाकलून दिलं.

उन्हाळ्यात एका दुपारी बहीण एकटीच आली. आवाज बसलेला, डोळे लाल. खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "ताई, माझ्या नवऱ्यानं मला मारलं वं. जवान होते तेव्हा बोट नाही लावलं, न् आता म्हातारपणी सुरू झाले." आणि हसायला लागली. भाकरीचा घास अडकला होता. निघाला होता. मी पाठ उघडून बघितली. दोन्ही खांद्यांच्या मधे पुरा पंजा उमटला होता. इतकं चांगलं काम मीही केलं नव्हतं.

"ते काहून नाही आले?"

"बाहेर ओट्यावर बसून आहेत. आत या म्हटलं तर येऊन नाही राहिले."

मी बाहेर गेले. ते उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसले होते. मी शाबासकी द्यायला गेले होते, माझ्या आयुष्यातली त्यांना पहिलीच. पण तेच बोलले.

"ताईजी, पहिल्या खेपेला थांबला. ती माझ्याकडे पाहून राहिली होती, न् हा थांबला. दुसऱ्या खेपेलाही थांबला." त्यांनी मूठ मिटली. "मग लागला."

मी त्यांच्या शेजारी बसले.

तेव्हापासून ते तिच्याबरोबर जेवत नाहीत. ती जेवायला बसली की शेजारी पाट घेतात, तिला पहिल्या घासापासून थोडं पुढे वाकवतात, आणि हात आधीच तिच्या पाठीवर नेऊन ठेवतात. बहीण कुरकुरते की निवांत गिळू देत नाहीत, माशीसारखे बसून असतात. मी त्यांच्या साऱ्या आयुष्यावर बोलले आहे, या गोष्टीवर बोलत नाही. ती शेवटचा घोट पाणी पिते, तो खाली उतरेपर्यंत ते तिच्या गळ्याकडे बघतात, मग हात काढून आपलं ताट ओढतात. तोवर वरण गार होऊन वर साय धरलेली असते. परवा मी तिथेच होते. म्हटलं, द्या इकडे, गरम करून आणते.

"राहू द्या, ताईजी," ते म्हणाले. "आता काही घाई नाही."