मोजता मोजता संपणाऱ्या शेंगापोळ्या

बाळांनो, आज शेंगापोळ्यांचा डबा उघडला आणि भाजलेल्या दाण्यांच्या वासाने तुमच्या बाबाची एक गंमत आठवली, म्हणून लिहिते.

तेव्हा तो हळ्ळीखेडच्या आपल्या स्वयंपाकघरात बसून डाळमिलच्या यंत्रातला छोटा कॉम्प्युटर दुरुस्त करत होता. मेमरी संपून तो सारखा बंद पडे. संध्याकाळपर्यंत जमलं नसतं, तर मालक तो काढूनच टाकणार होते. उरलेली मेमरी दर सेकंदाला पडद्यावर उमटे आणि घटतच जाई.

"आई, कोण खायलंय कळंना," तो म्हणाला.

शेजारी माझे सासरे, अप्पा, पोळ्या किती उरल्या ते बघायला पुन्हा डबा उघडत होते.

"अप्पा, दर मोजणीला एक खायलात. उरतील कशा?" मी म्हणाले.

"चाखल्याबिगर कसं कळंल, खवट झाल्या का न्हाई?"

तुमचा बाबा एकदम पडद्याकडे वळला. उरलेली मेमरी दाखवणारा त्याचाच कोड दर वेळी थोडी जागा घेई आणि परत देत नसे. ते त्याने सुधारलं. अप्पांनी बक्षीस म्हणून स्वतःच एक पोळी घेतली. मी रागावले होते.

ते यंत्र अजून चालतं. डब्यात अकरा पोळ्या आहेत. मोजायला अप्पा नाहीत, म्हणून सकाळपासून अकराच आहेत.