पाच वाजताची ओळ

‘डोक्यात कायले कोंबून ठेवतं गा? मशीनले सांग ना,’ असं म्हणत बाई पदराच्या टोकाने संगणकाच्या पडद्याची काच पुसायच्या आणि टाइप करायला बसायच्या.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. नागपूरच्या एका कचेरीतल्या संगणक कक्षात त्या माझ्या वरिष्ठ होत्या. त्यांनी एक साधी फाईल केली होती. एका ओळीत एक काम. आधी वेळ, पुढे इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप. यंत्र दर मिनिटाला ती फाईल वाचायचं आणि वेळ झाली की ‘टिंग’ करून निरोप पडद्यावर आणायचं. सोय खरी माहिती साठवायची टेप बदलायची आठवण राहावी म्हणून. बाईंनी त्यात साहेबांची रक्तदाबाची गोळी घातली, शिपायाच्या मुलीचा परीक्षेचा फॉर्मही घातला. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, सगळ्यांचं लक्षात ठेवणारं.

त्यांचे यजमान गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला होते. नंदनवनातल्या घरून येताना त्यांचा डबा दुकानात देऊन बाई कचेरीत यायच्या. एका उन्हाळ्यात ते अचानक गेले. पंधरा दिवसांनी बाई कामावर आल्या. बोलणं पहिल्यासारखंच.

एकदा त्या कागद द्यायला खाली गेल्या होत्या आणि मी त्यांच्या जागेवर बसलो होतो. पाच वाजले. टिंग. पडद्यावर ओळ आली, ‘उद्या डबा एकच भरायचा.’

मागे वळून पाहिलं तर बाई दारात उभ्या.

‘हात जाते गा दुसऱ्या डब्याकडे,’ त्या म्हणाल्या. ‘बावीस वर्षांची सवय. गांधीबागेत आल्यावर ध्यानात येते. मंग भरला डबा तसाच वापस.’

मी तेव्हा खोली घेऊन एकटा राहायचो, दुपारी कॅन्टीनची भजी खायचो. म्हणालो, ‘बाई, भरतच जा. मी खात जाईन.’

त्या खुर्चीत बसल्या, फाईल उघडली आणि ती ओळ खोडली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यांनी टेबलावर दोन डबे ठेवले. माझ्याकडे न बघता विचारलं, ‘तिखट चालते ना तुले? त्याईले लागे.’

चार वर्षं एक वाजता बाईंनी हाक मारली की मी तो डबा खायचो. मग बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडे मौद्याला राहायला गेल्या.

त्यानंतरच्या सोमवारी यंत्र बिघडलं होतं आणि मी सकाळपासून त्यातच अडकलो होतो. मान वर केली तेव्हा तीन वाजून गेले होते. पोटात भूक होती. खोलीत नुसता पंख्याचा आवाज, आणि जेवायला कुणी हाक मारली नव्हती.