समुद्र कुणी मारला

खाऱ्या पाण्याची टाकी मी सूड घ्यायला घेतली. शोभेसाठी नाही, मुलीच्या हौसेसाठी नाही. विचारणाऱ्यांना मी तसंच सांगत असे, पण इथे खोटं कशाला लिहू.

लग्न होऊन धुळ्याच्या घरात आले तेव्हा बाहेरच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी होती. माझ्या जेठांची, म्हणजे थोरल्या दिरांची. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणते, मीही म्हणते. भाऊंचं शेतीच्या औषधांचं दुकान, आणि घरात हा समुद्र. त्याचं मीठसुद्धा मुंबईहून पिशव्यांतून यायचं. आत नारिंगी मासे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे झिंगे, आणि एका दगडाला चिकटून बोटं हलवत बसलेलं समुद्रफूल. अख्ख्या धुळ्यात असं कुणाकडे नाही, हे भाऊ आलेल्या माणसाला चहाच्या आधी सांगायचे.

लग्नानंतर चौथ्या महिन्यात मी त्या टाकीची काच पुसली, बाहेरून, ओल्या फडक्यानं. फडक्याला साबण होता की नव्हता ते मला दुसऱ्या दिवशीसुद्धा आठवेना, इतकं ते किरकोळ काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी झिंगे उताणे पडले होते आणि समुद्रफूल वितळून दगडावरून शेंबडासारखं लोंबत होतं. मासे मात्र फिरत होते. भाऊंनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साबन लाया व्हता का?"

मी गप्प राहिले. नव्या सुनेनं गप्प राहणं म्हणजे कबुली, असं त्या घरात तिथल्या तिथे ठरून गेलं.

पुढची तेरा वर्षं भाऊ माझी ओळख एकाच पद्धतीनं करून देत आले. पाहुणा बसला, पाणी पिऊन झालं, की माझ्याकडे बोट. "हाई आमनी धाकटी. साबन लाईसन समुद्र मारा हिनी." मग सगळे हसायचे. माझे वडील पहिल्यांदा जेवायला आले तेव्हाही भाऊंनी हे सांगितलं आणि वडील घास हातात धरून कसनुसं हसले. ते हसणं मी कधी विसरले नाही. नवराही हसायचा, खाली बघून. मला वाटायचं, मोठ्या भावापुढे बिचारा काय बोलणार.

आम्ही जळगावला आलो, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले, तरी ती ओळख माझ्या आधी सगळीकडे पोचलेली असायची. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी अनोळखी बाई म्हणायची, त्या मासेवाल्या तुम्हीच का? एका दिवाळीला धुळ्याहून परत येताना माझ्या पाच वर्षांच्या मुलीनं विचारलं, "आई, तू समुद्र का मारलास?" त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हे वाक्य भाऊंना परत घ्यायला लावायचं, त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर. कसं, ते मात्र काही वर्षं सुचलं नाही.

गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला घरच्या ग्रुपवर भाऊंचा मेसेज आला. गुडघे साथ देत नाहीत, टाकी मासे-दगडांसकट द्यायची आहे, घरातल्याच कुणाला हवी तर सांगा. खाली आणखी एक ओळ होती: नवशिक्याला झेपणार नाही. ती ओळ माझ्यासाठीच होती हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला कळलं. दोघांनी हसरे चेहरे टाकले.

तेव्हाच मी ठरवलं, तीच टाकी घ्यायची. माझ्या घरात, माझ्या हातांनी जगवायची आणि भाऊंना सोफ्यावर बसवून दाखवायची. नवरा म्हणाला, "तुला हौसच असेल तर लहान घे ना, दोन फुटांची. भाऊची नको." मी म्हटलं, भाऊचीच, आणि ग्रुपवर तसं लिहूनही टाकलं. तो काहीतरी पुटपुटला आणि आत गेला. मला वाटलं, खर्चाला घाबरला असेल.

मला मात्र यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून लॅब सुटल्यावर जळगावच्या एका तळघरात शोभेचे मासे विकणाऱ्याकडे जाऊ लागले. तो माणूस तोंडातली सुपारी न काढता शिकवायचा. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं की नवशिक्यानं मोठीच टाकी घ्यावी. लहान टाकीत जरा चुकलं की सगळं बिघडतं, मोठं पाणी बऱ्याच चुका पोटात घालतं. जुनी घेताना काय बघायचं तेही त्यानं सांगितलं. सांध्यांवरून नख फिरवायचं, कोपऱ्यात मिठाचा पांढरा थर धरलाय का बघायचं, आतून काचेला ओरखडे आहेत का ते बॅटरी लावून पाहायचं, स्टँड हलतोय का ते ढकलून पाहायचं. मी वहीत लिहून घेत होते.

"आणि विचारा, पाण्यात कधी मोरचूद टाकलंय का," तो म्हणाला. "आपल्याकडे हमखास टाकतात. शेततळ्यात शेवाळ आलं की मोरचूद, तसं माशाला पांढरे ठिपके आले की मोरचूद. ते निळे खडे म्हणजे तांबंच असतं. ठिपके जातात, मासे जगतात. पण झिंगे, गोगलगायी, समुद्रफूल एका रात्रीत खलास. आणि दगड-वाळूत ते मुरून बसतं."

माझं पेन थांबलं.

"आणि साबणानं?" मी विचारलं.

"मरतील एवढा साबण पाण्यात गेला तर मासे काय जिवंत राहतील? तुम्ही फक्त विचारा, आणि उत्तरावर विसंबू नका. पाणी तपासा." त्यानं तांबं तपासायची एक छोटी बाटली आणि काचेची नळी काउंटरवर ठेवली.

काचेच्या नळ्या. माझा अख्खा जन्म त्यातच चाललाय. आणि मला तिथेच उभ्या उभ्या भाऊंच्या टाकीच्या स्टँडखालचा कप्पा आठवला. केर काढताना त्यात वर्तमानपत्राच्या पुडीत निळे खडे दिसायचे. दुकानातलं काहीतरी असेल म्हणून मी पुडी पुन्हा आत सारायचे. तेरा वर्षं भाऊंनी माझ्या माथी मारलं होतं ते त्या पुडीतलं होतं. मला राग आला का? आला, पण त्याहून जास्त आनंद झाला. पुढचे आठ दिवस मी पोळ्या लाटताना गुणगुणत होते. मुलगी म्हणाली, आई, तुला काय झालंय?

दर थंडीत एका रविवारी धुळ्याच्या घरी भरिताचा बेत असतो. अंगणात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, यच्चयावत नातेवाईक येतात. मला तेच हवे होते. जेवणं झाली, मंडळी बाहेरच्या खोलीत टेकली. कुणीतरी नवीन पाहुणे होते, त्यामुळे भाऊंनी रिवाजाप्रमाणे माझी ओळख करून दिली, आणि वर जोडलं, "आनि आते हाईच टाकी ली ऱ्हायनी."

हशा ओसरू दिला. मग साळसूदपणे म्हटलं, "भाऊ, मी नवशिकी. जरा बघून घेते." सांध्यांवरून नख फिरवलं, बॅटरी मारली, स्टँड ढकलून पाहिला. लोक गंमत बघत होते. मग पर्समधून नळी काढली, टाकीतलं पाणी घेतलं आणि त्यात थेंब टाकले. "तांबं असेल तर रंग चढतो. पाच मिनिटं लागतात," असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. ती पाच मिनिटं मी भाऊंकडे बघत राहिले. माझ्या आयुष्यातली ती फार सुखाची पाच मिनिटं होती.

रंग चढला. बाटलीसोबत मिळालेल्या रंगांच्या कार्डावर सर्वात गडद चौकोनाच्या अलीकडचा. मी नळी पाहुण्यांच्या हातात दिली, ती हातोहात फिरली. मग एकेक शब्द सुटा करत सांगितलं, की झिंगे आणि समुद्रफूल तांब्यानं मरतात, साबणानं मासे मेले असते, मासे तर फिरत होते. खाली वाकून कप्पा उघडला. पुडी होती. वर्तमानपत्र नवं होतं, खडे तेच.

"भाऊ, तुम्हीच मोरचूद टाकलं आणि नाव माझं घेतलं."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

"नंतर मीच टाकं. पन त्या दिनले मी दुकानवर व्हतू. तवय तुन्हा नवरानी टाकं व्हतं. त्यालेच इचार."

नवरा दारात उभा होता, हातात पाहुण्यांना द्यायच्या पानांचं ताट. तो माझ्याकडे बघत नव्हता. खाली बघत होता, तेरा वर्षं हसताना बघायचा तसा.

"मग माझं नाव कशाला घेतलंत?" मी भाऊंनाच विचारलं. माझा आवाज आता मघासारखा राहिला नव्हता.

"घरना पोऱ्याले काय बोलतू?" भाऊ म्हणाले. "तू तं नवी व्हती."

खोलीत कुणीच हसलं नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. समुद्र मी मारला नाही, हे त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर सिद्ध झालं होतं. आणि मला तिथून उठून जळगावपर्यंत चालत जावंसं वाटत होतं. भाऊंवर मी तेरा वर्षं दात धरला, आणि ज्याच्या शेजारी झोपले त्याच्याकडे एकदाही संशयानं पाहिलं नाही.

"आते लेस का नही?" भाऊंनी टाकीकडे मान वळवून विचारलं.

"घेते," मी म्हटलं. "मासेही नेते. दगड आणि वाळू तुमच्याकडे राहू द्या."

परतीच्या वाटेवर गाडी पारोळ्यापर्यंत आली. मुलगी मागे झोपली होती. मग नवरा म्हणाला, "भाऊनं ठिपके दाखवले होते. मला वाटलं औषध टाकून त्याला खूश करावं. सकाळी सगळं मेलेलं. मी घाबरलो. आणि त्यानं तुझं नाव घेतल्यावर..." तो थांबला. "नंतर सांगायला उशीर झाला."

"तुम्ही दर वेळी हसलात," मी म्हटलं.

 मला जे करायचं होतं ते एरंडोलच्या अलीकडेच ठरलं होतं.

टाकी आता आमच्या हॉलमध्ये आहे. चुन्यासारख्या पाण्याच्या या गावात शुद्ध पाणी विकत आणावं लागतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. दर रविवारी वीस लिटरचे दोन कॅन नवरा वर आणतो, मीठ कालवतो, जुनं पाणी काढून खाली नेतो. मी फक्त नळी हातात धरून रंग बघते. मासे छान आहेत. नवीन दगडावर एक समुद्रफूल बसलंय, बोटं हलवतं. झिंगेही आहेत, दोन.

पहिल्या महिन्यात भाऊ बघायला आले, गुडघे धरत तीन मजले चढून. मी त्यांना सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. ते पुढे वाकून बराच वेळ समुद्रफूल बघत राहिले. शेजारचे दोघे आले होते, ते विचारू लागले, हे सगळं कोण करतं? तेवढ्यात नवरा कॅन घेऊन दारात आला, धापा टाकत. मी त्याच्याकडे बोट केलं आणि भाऊंच्याच बोलीत म्हटलं, "हाऊ मन्हा नवरा. मोरचूद टाकीसन समुद्र मारा यानी."

शेजारी हसले. नवराही हसला, खाली बघून. भाऊ हसले नाहीत, पण चहा संपवून गेले.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे सांगते. पाणी पिऊन झालं की, चहाच्या आधी. मैत्रिणी म्हणतात, पुरे कर आता, बिचारा किती करतो तुझ्यासाठी. करतो, ते मलाही दिसतं. पण तो तेरा वर्षं हसला, आणि माझं अजून दुसरंच वर्ष चालू आहे.