परदेशी नाही, तुरुंगात

"शी डझन्ट अंडरस्टँड. आय विल आन्सर," जाऊबाई म्हणाल्या आणि आपली खुर्ची माझ्या पुढे ओढून घेतली.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावचं बेनिफिट ऑफिस, सरकारी मदतीचा अर्ज करायचं. कंपनीच्या पैशांत अफरातफर केली म्हणून नवऱ्याला शिक्षा झाली होती. घरात मी आणि सात वर्षांची मुलगी. कमाई शून्य. लग्न करून आले, इथली नागरिक झाले, पण इंग्रजी जेमतेमच. म्हणून थोरल्या जाऊबाई दुभाषी. शिकलेल्या, महाराष्ट्र मंडळात मान असलेल्या. मंडळात त्यांनी आधीच पसरवलं होतं, भाऊजी इंडियाला गेलेत, सासूबाईंचं आजारपण आहे. मला बजावलं होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू तोंड उघडू नकोस."

काउंटरवरच्या मुलीच्या बॅजवर मराठी आडनाव होतं. ते वाचून जाऊबाईंचा चेहरा उतरला. मुलीने विचारलं, नवरा कुठे आहे?

"अब्रॉड. इन इंडिया. ही विल बी बॅक सून."

एवढं इंग्रजी मला कळत होतं.

मुलीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, थोड्या दिवसांसाठी परदेशी गेलेला नवरा घरातलाच धरतात. त्याची तिकडची कमाई सांगा, त्याशिवाय पैसे सुरू होणार नाहीत. शिक्षा भोगणारा मात्र घरातला धरत नाहीत. हे सगळं मला तुरुंगात भेटीला येणाऱ्या एका बाईने आधीच समजावलं होतं, आणि मी सकाळीच गाडीत जाऊबाईंना सांगितलं होतं. त्यांना माहीत होतं. तरी बोलल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अब्रू यांची, आणि उपास माझ्या पोरीने काढायचे?

"हे खोटं आहे," मी मराठीतच म्हणाले. "माझा नवरा तुरुंगात आहे."

मुलगी गोंधळली. "प्रिझन? तुमची हजबंड प्रिझनमध्ये आहे?" मराठी मोडकं, आवाज खणखणीत. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. लाज वाटली. खूप वाटली.

"हो. प्रिझन."

बाहेर येताच जाऊबाई कडाडल्या, "घराण्याची अब्रू वेशीवर टांगलीस. शनिवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे. येऊ नकोस."

"येणार, वहिनी. मिस्टर कधी परतणार असं कोणी विचारलं, तर खरं तेच सांगणार. चोरी त्यांनी केली. तोंड मी का लपवू?"

त्यांच्या गाडीत बसले नाही. बसने मुलीच्या शाळेत गेले. बाबा इंडियात आहेत असं तिलाही पढवलेलं होतं. फाटकाशीच तिला सांगितलं, "बाबा तुरुंगात आहेत. कोणी विचारलं तर हेच सांगायचं."

"टीचरला पण?"

"टीचरला पण. काकूला पण."

पुढच्या वेळी ऑफिसात एकटी गेले. तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलले. चुकले, पुन्हा बोलले. माझ्या घरात काय घडलंय ते आता मीच सांगते. दुसऱ्या कोणाला सांगू देणार नाही.