समाधीपाशी बूट

माझी लेक पोलंडमधल्या क्राको शहरात शिकायला आहे. दर रविवारी ती फोनवर मला तिथलं काहीतरी जुनं दाखवते. एकदा जुना कापडबाजार झाला, एकदा म्युझियम. मी गंगाखेडला ओट्यावर बसून बघते.

त्या रविवारी ती टेकडीवरच्या किल्ल्यात, एका मोठ्या चर्चच्या दारात उभी होती. आत राजांच्या समाध्या आहेत म्हणाली. मी लगेच विचारलं, "बूट काढलेस का?"

"आई, इथं कुणीच काढत नाही. बर्फ पडायलाय."

"दुसऱ्यांचं मला सांगू नको. समाधीपाशी बूट घालून जातीस? हेच शिकवलं का मी?"

"बरं, काढते. आत फोन चालत नाही," म्हणत तिनं फोन बंद केला.

आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. तसली गारठलेली फरशी, त्यावर पोरीचे उघडे पाय. ताप आला तर तिथं कोण आहे तिचं? दारातले बूट कुणी उचलले तर ती खोलीवर कशी जाणार? तासभर मी माझ्या तोंडालाच शिव्या घातल्या.

शेवटी फोन आला. ती हसायली होती. "आई, काढलेच नव्हते. तू चिडशील म्हणून तसं म्हणलं."

मला लय हायसं वाटलं. नेहमीसारखं विचारलं, "जेवलीस का?"

"जेवले की," ती म्हणाली. अगदी मघाशी "बरं, काढते" म्हणाली होती, त्याच आवाजात.