सिस्टरांच्या टाकीतलं बाळंतपण

अख्ख्या पुणे शहरात माशांना भेटायची वेळ ठरवून देणारी बाई एकच असेल, आणि तिच्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या खोलीत, मी भाड्यानं राहतो. कसब्यातल्या आमच्या बोळात त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. चाळीस वर्षं त्या प्रसूतिगृहात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका जपमाळ घेतात. यांनी डिस्कस माशांची जोडी घेतली. थाळीसारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या रेघा, आणि नखरे नव्या जावयाचे. पाणी कोमट लागतं, एक दिवस साठवून ठेवलेलं लागतं, आणि रोज बदलावं लागतं. मी साकोलीकडचा, आठवीत शाळा सोडलेला, फरश्या बसवायच्या कामावर इकडे आलेला. एकट्या परगावच्या माणसाला कोणी खोली देईना. सिस्टरांनी गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. वीस लिटरचा कॅन उचलता येतो का, एवढंच विचारलं. ते उपकार मी विसरलेलो नाही, आणि आपल्या हातून काही चुकलं तर खोली जाईल ही धास्तीही माझ्या मनातून कधी गेली नाही.

टाकीशेजारच्या भिंतीवर तक्ता, त्यात दिवसातून तीनदा पाण्याचं तापमान. कोळंबी वाटायचं मिक्सरचं भांडं वेगळं, आणि त्यावर लाल शाईत 'रुग्ण आहार'. अंडी घातल्यापासून कुकर बंद, कारण शिट्टीनं मादी दचकते. मग घरात आठवडाभर पातेल्यातला अर्धवट भात. भेटीची वेळ पाच ते सहा, तशी दारावर पाटी. एकदा शेजारच्या काकू साडेसहाला आल्या. सिस्टरांनी त्यांना उंबऱ्यावरच सांगितलं की वेळ संपली, पेशंट झोपलेत. काकू म्हणाल्या, "अहो, डोळे तर उघडे आहेत." सिस्टर म्हणाल्या, "माशांचे उघडेच असतात. तुम्ही तुमचे उघडा आणि पाटी वाचा."

या जोडीला थांबणं ठाऊक नव्हतं. दर आठ-दहा दिवसांनी मादी पालथ्या कुंडीवर ओळीनं अंडी घालायची आणि सकाळी उठून बघावं तर कुंडी स्वच्छ. खाणारा बापच, असं सिस्टरांचं निदान होतं. मादीला जरा उसंत मिळावी म्हणून त्यांनी कुंडी काढून घेतली, तर तिनं हीटरच्या नळीवर घातली. अकरा वेळा असं झालं. मादी वाळत चालली. बाराव्या वेळी सिस्टरांनी कुंडीभोवती बारीक जाळी लावली आणि अंडी वाचली. अंडी फुटून पिलं निघाली, चार-पाच दिवसांनी पोहायला लागली आणि कुंडीची जाळी काढल्यावर आईच्या अंगाला जाऊन चिकटली. डिस्कसची पिलं सुरुवातीला आईबापाच्या अंगावरची चिकट साय खाऊनच जगतात; दुसरं काही दिलं तर खात नाहीत. सिस्टरांनी त्याच दिवशी टाकीच्या मधोमध जाळीचा पडदा सोडला आणि नराला पलीकडे केलं. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, पुरुषांना आत प्रवेश नाही, हा त्यांच्या वॉर्डाचा नियम.

तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी पाणी बदलायला खाली आलो तर मादी कोपऱ्यात तिरकी पडलेली. दोन्ही कुशी सोललेल्या. शंभरएक पिलं तिच्यावर तुटून पडत होती आणि ती अंग झटकून पळत होती. पिलं वाऱ्यावरच्या भुशासारखी विखुरायची, पुन्हा तिला शोधायची. जाळीपलीकडे नर काळवंडून, तोंड जाळीला लावून उभा. तो सकाळपासून तसाच आहे, असं सिस्टर म्हणाल्या. तक्त्यातला दुपारचा रकाना कोरा होता.

मला बोलायचा काय अधिकार? माझी स्वतःची बायको पहिलटकरीण, तिच्या माहेरी लाखनीला. फोनवर ती रोज या म्हणायची आणि मागून सासूबाई म्हणायच्या, पुरुषाचं इथं काय काम. मीही ते मानून बसलो होतो. पण ती मादी बघवेना.

"सिस्टर, तिला एकटीला झेपत नाही जी. त्याला आत सोडा."

"आणि त्यानं खाल्ली तर? तू घालणार आहेस पुन्हा?"

"न सोडलं तर संध्याकाळपर्यंत तीही जाईल, पिलंही जातील."

मला वाटलं, आता खोली रिकामी कर म्हणतात. पण सिस्टर स्टुलावर बसल्या, चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "काढ जाळी. मी बघत नाही."

मी जाळी वर उचलली. नर सरळ मादीकडे गेला. वाटेत पिलांचा एक पुंजका आला, आणि त्यानं तोंड उघडलं. पण त्यानं नुसतं पाणी ओढलं आणि मादीच्या शेजारी, अंगाला अंग लावून, आडवा उभा राहिला. मादीनं एकदा अंग झटकलं. सुटलेली पिलं पळभर अधांतरी राहिली आणि मग त्याच्या कुशीला, धोतराला कुसळं चिकटावीत तशी, जाऊन चिकटली. त्यानं हूं की चूं केलं नाही. मादी सावकाश तळाशी जाऊन स्वस्थ उभी राहिली.

"चिकटली जी," मी म्हणालो.

सिस्टरांनी चष्मा लावला. पाच मिनिटं टाकीकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुझ्या बायकोला कितवा?"

"नववा लागला."

"मग तू इथे काय करतोस?"

पाण्याचं कसं होईल, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तू यायच्या आधी काय टाकी कोरडी होती?

महिन्यानं मी परत आलो. पिलं नखाएवढी झाली होती, आणि आईबापांसारखी गोल दिसायला लागली होती. मुलगी झाल्याचं सांगितलं. वजन किती, रडली का लगेच, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "आत घेतलं का तुला?"

दाराशीच होतो म्हटलं. दार उघडून नर्सनं थेट माझ्या हातात दिली, आईच्याही आधी.

सिस्टर हळूच, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "आम्ही बापांना खाली जिन्यावर बसवायचो रे. पेढे आणायला पाठवायचो." किती जणांना, ते मी विचारलं नाही. पण त्या बहुधा मनातल्या मनात एकेकाचा चेहरा आठवून बघत होत्या.